होडीची वाट आणि हिशेबाची वही

होडी टेकडी चढते, असे म्हटले तर ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटेल. पण इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, डिव्हायझेस गावाजवळच्या केन हिल या टेकडीवर होड्या चढतात आणि उतरतात. दोन मैलांच्या अंतरात एकामागून एक अशी एकोणतीस लॉक्स तेथे बांधलेली आहेत. त्यांपैकी सोळा तर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे एका सरळ रेषेत आहेत. एवढ्या अंतरात कालवा २३७ फूट उंची गाठतो. होडीतून जाणाऱ्या कुटुंबाला हा जिना चढावयास पाच-सहा तास लागतात. मोटारीने हेच अंतर काही मिनिटांत कापता येते. ज्याला केवळ कोठेतरी पोचावयाचे आहे त्याने या वाटेने जाऊ नये, हे उघड आहे.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी वा विटांचा हौद. खालच्या दरवाजातून होडी आत येते आणि दरवाजे मिटतात. वरच्या अंगाच्या झडपा हातदांड्याने फिरवून उघडल्या की वरचे पाणी हौदात शिरते, आणि पाण्याबरोबर होडीही वर येते. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एक झाली की अवजड लाकडी दरवाजा एका माणसाच्या पाठीच्या रेट्याने उघडतो. पातळीत वीतभर फरक असेल तोवर मात्र चार माणसांनी जोर लावला तरी तो हलत नाही. या युक्तीत वाफ नाही, वीज नाही. चीनच्या महाकालव्यावर इ. स. ९८४ मध्येच दोन दरवाजांमध्ये पाणी कोंडणारे असे लॉक बांधले गेले होते. आजही छोट्या होडीतला प्रवासी जे करतो ते मूलतः तेच आहे.

मात्र या साध्या यंत्राच्या पोटी एक सामाजिक करार दडलेला आहे. केन हिलच्या लॉकमधून एकदा होडी गेली की दोन लाख लिटरहून अधिक पाणी वरून खाली जाते. ते पाणी सर्वांचे असते. म्हणून दोन अरुंद होड्यांनी शक्य तेव्हा एकाच वेळी, अंगाला अंग लावून लॉकमध्ये शिरावे, समोरून कोणी येत असेल तर पाणी त्याच्या सोयीचे असताना त्याला आधी जाऊ द्यावे, आणि निघताना झडपा मिटल्याची खात्री करावी, असा तेथला रिवाज आहे. एकाने झडप उघडी टाकली तर वरच्या टप्प्यातले पाणी रात्रीत ओसरते आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसांच्या होड्या चिखलात रुततात. ज्याला एकट्यानेच पुढे जावयाचे आहे त्याला ही वाट फार काळ साथ देत नाही.

अशी ही वाट आज अडीचशे वर्षांनंतरही चालू का आहे, आणि उद्या ती कोणासाठी चालू राहील, हा येथे विचारात घेण्याचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील कालव्यांचा इतिहास हा वस्तुतः सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब कसा मांडावा, या प्रश्नाचाच इतिहास आहे.

हे कालवे परोपकारासाठी खोदले गेले नव्हते. ब्रिजवॉटरच्या ड्यूकला आपल्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला स्वस्तात पोचवावयाचा होता. जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकाराच्या साहाय्याने बांधलेला त्याचा कालवा १७६१ साली सुरू झाला आणि मँचेस्टरमधील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. कालव्यातून एक घोडा जेवढा भार ओढू शकतो तेवढा सडकेवरून ओढावयास अनेक घोडे लागतात. त्यामुळे ही नफ्याची वाट आहे हे भांडवलदारांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. पुढील साठ-सत्तर वर्षांत कंपन्यांनी देशभर कालव्यांचे जाळे विणले. प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने मापे ठरविली. मध्य इंग्लंडमधील पुष्कळ लॉक्स जेमतेम सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब झाली, आणि त्या मापाने होड्याही सात फुटांहून किंचित अरुंद बनल्या. औद्योगिक क्रांतीचा कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी आणि धान्य या अरुंद होड्यांतून वाहिले गेले.

त्या होड्या हाकणारी माणसे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतात. रेल्वे आली, वाहतुकीचे दर कोसळले आणि त्या घसरणीचा भार कंपन्यांनी नावाड्यांच्या मजुरीवर टाकला. घरभाडे परवडेना, मदतनिसाला पगार देणे परवडेना. म्हणून नावाड्याची बायको आणि मुले होडीवरच राहावयास आली. जेमतेम दहा फूट लांबीच्या खोलीत आख्खे कुटुंब झोपत असे. बायको सुकाणू धरी, मुले घोड्यामागून चालत. ज्या बोगद्यांत घोड्याला वाट नव्हती तेथे माणसे होडीवर उताणी पडून भिंतीवर पाय रेटत तिला पुढे नेत. या मुलांना शाळा ठाऊक नव्हती. जॉर्ज स्मिथ यांनी या प्रश्नावर चळवळ केली, तेव्हा कोठे १८७७ आणि १८८४ साली पार्लमेंटने कायदे करून होड्यांची नोंदणी, त्यांतील माणसांच्या संख्येवर मर्यादा आणि तपासणी यांची तरतूद केली. आज रंगविलेल्या होड्यांची चित्रे पाहून ज्यांना गतकाळाचा मोह पडतो त्यांनी हे विसरू नये. त्या रंगांखाली स्वस्त श्रम होते.

रेल्वे कंपन्यांनी नंतर अनेक कालवे विकत घेतले. केन हिलचा जिना ज्याचा भाग आहे तो, १८१० साली पूर्ण झालेला केनेट-एव्हन कालवा १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेल्या वाटेचे जे व्हावयाचे तेच झाले. कायद्याने कालवा बंद करता येत नव्हता, म्हणून दुरुस्ती थांबवून त्याला हळूहळू मरू दिले गेले. गाळ साचला, दरवाजे कुजले आणि मग वापर नाही म्हणून खर्च नको, असा युक्तिवाद पुढे आला. वापर का नाही, हा प्रश्न कोणी विचारावयाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४७ चा वाहतूक कायदा केला आणि १ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. समाजवाद्यांना येथे कथा संपली असे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक कठीण भाग येथूनच सुरू झाला. मालक बदलला, पण हिशेबाची वही तीच राहिली. जमेच्या बाजूस मालवाहतुकीचा जकातकर, खर्चाच्या बाजूस देखभाल, आणि तळाशी तोटा. रेल्वे, रस्ते आणि कालवे एकाच आयोगाच्या छत्राखाली आले आणि त्यांत कालव्यांना सावत्र अपत्याची वागणूक मिळाली. तोट्यातले कालवे बंद करावेत, असे सल्ले सरकारदरबारी दिले जाऊ लागले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठून पडले आणि अरुंद होड्यांतून चालणारी उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपुष्टात आली.

या काळात कालवे वाचविले ते कोणी? त्याचे उत्तर छोट्या होडीतल्या माणसांनी, असे द्यावे लागेल. एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाने 'क्रेसी' नावाच्या होडीवर संसार थाटला आणि १९४४ मध्ये त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून १९४६ साली अंतर्गत जलमार्गांसाठी झगडणारी संघटना उभी राहिली. बर्मिंगहॅमजवळ स्ट्रॅटफर्ड कालव्यावर रेल्वेने युद्धकाळात एक तात्पुरता पूल टाकला होता. तो इतका खाली होता की त्याखालून होडी जाईना. होडीच जात नाही तर पूल उंच कशाला, ही रेल्वेची भूमिका. प्रश्न उमरावांच्या सभागृहात विचारला गेला तेव्हा सरकारला उत्तर द्यावे लागले की पूर्वसूचना दिल्यास पूल उचलून देण्यात येईल. मे १९४७ मध्ये रोल्ट यांनी तशी सूचना दिली आणि एका छोट्या होडीसाठी रेल्वेच्या कामगारांना जॅक लावून तो पूल उचलावा लागला. कालव्यावरून जाण्याचा हक्क पार्लमेंटच्या जुन्या कायद्याने जनतेला दिलेला होता. तो बजावणारा माणूस उभा राहिला, एवढाच काय तो फरक.

याच कालव्याच्या दक्षिण भागाची पुढची हकीकत अधिक उद्बोधक आहे. एक मोडकळीस आलेला पूल पुन्हा बांधण्याचा खर्च वाचावा म्हणून परगणा कौन्सिलने १९५८ मध्ये हा भाग कायमचा सोडून देण्याची परवानगी मागितली. तीन वर्षे कालव्याचा वापर झालेला नसेल तर तशी परवानगी देता येत होती. सर्वांच्या मते वापर झालेलाच नव्हता. तेवढ्यात वल्ह्याची लहान होडी घेऊन त्या वाटेने गेलेल्यांनी जकात भरल्याची पावती पुढे ठेवली. तेवढ्या कागदाने अर्जाचा आधारच गेला. परवानगी नाकारली गेली. नॅशनल ट्रस्टने कालवा आपल्याकडे घेतला. स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातील कैदी यांनी मिळून गाळ उपसला, लॉक्स दुरुस्त केली, आणि जुलै १९६४ मध्ये ही वाट पुन्हा खुली झाली. कार्यकर्त्यांनी ही पावतीची गोष्ट लक्षात ठेवावी. सार्वजनिक हक्क भाषणांनी टिकत नाहीत. ते वापराने आणि वापराच्या पुराव्याने टिकतात.

हिशेबाची वही बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न साठीच्या दशकात झाला. १९६५ मध्ये जलमार्ग मंडळाने एक साधी गोष्ट सरकारच्या निदर्शनास आणली. सगळे कालवे उद्या बंद केले तरी खर्च बंद होणार नाही. त्यांतून शेतांचे आणि शहरांचे पाणी वाहून जाते, कारखान्यांना पाणी मिळते. बांध फुटू नयेत म्हणून राखण करावीच लागते, आणि कालवे बुजवावयाचे म्हटले तर त्याला आणखी पैसा लागतो. तेव्हा थोडा अधिक खर्च करून ते होड्यांना, मासे पकडणाऱ्यांना आणि काठाने चालणाऱ्यांना खुले ठेवणेच शहाणपणाचे नाही काय? अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गात शिकविला जाणारा सीमांत खर्चाचा सिद्धान्त तो हाच. वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी हा युक्तिवाद मान्य केला. १९६८ च्या वाहतूक कायद्याने मालवाहतुकीचे, विहाराचे आणि उर्वरित असे कालव्यांचे तीन वर्ग केले आणि लोकांचा आनंद हेही सरकारी तिजोरीतून खर्च करण्याजोगे प्रयोजन आहे, हे तत्त्व कायद्यात आणले. कामगाराला विश्रांती आणि निसर्ग यांचा हक्क आहे, असे सभांतून म्हणणे निराळे आणि अंदाजपत्रकात लिहिणे निराळे.

पण त्याच कायद्याने मंडळाच्या कालव्यांवरून जाण्याचा जनतेचा जुना हक्क काढून घेतला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्या हक्काच्या बळावर रोल्ट यांनी पूल उचलावयास लावला तो हक्क एका समाजवादी मंत्र्याच्या कायद्याने संपला आणि त्याची जागा मंडळाच्या परवान्याने घेतली. उद्देश चांगला होता, व्यवस्था सुटसुटीत झाली. मात्र नागरिक हक्कदार होता तो परवानाधारक बनला. राष्ट्रीयीकरणाच्या अनेक प्रयोगांत हीच चूक झाली आहे. मालकी लोकांच्या नावे करावयाची आणि हक्क खात्याच्या हाती ठेवावयाचा.

त्यानंतरही लोकांनी आपले काम सोडले नाही. केनेट-एव्हन कालव्यासाठी १९६२ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. सुट्टीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या स्वयंसेवकांनी आणि स्थानिक संस्थांच्या पैशांनी मोडकी लॉक्स उभी राहिली, आणि ऑगस्ट १९९० मध्ये केन हिलचा जिना पुन्हा खुला झाला. १९९६ मध्ये खालचे पाणी टेकडीच्या माथ्यावर पोचविणारे पंप बसविण्यात आले. मंडळाच्या वहीत जो कालवा केवळ तोटा होता, त्याच्या काठावर आज हजारो लोक चालतात.

आता वर्तमानाकडे वळू. २०१२ साली इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग सरकारने 'कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेकडे सोपविले. स्कॉटलंडचे कालवे मात्र सरकारी संस्थेकडेच राहिले. ट्रस्टला पंधरा वर्षे सरकारी अनुदान मिळावयाचे होते. जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की २०२७ पासून पुढील दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पौंड दिले जातील. महागाई ध्यानात घेता ही मोठी कपात आहे. दुसरीकडे खर्च वाढतच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कालव्याला पाणी पुरविणाऱ्या टॉडब्रुक जलाशयाच्या बांधाचा सांडवा खचला आणि व्हेली ब्रिज गावातील सुमारे दीड हजार माणसांना घरे सोडावी लागली. २०२५ च्या उन्हाळ्यात जलाशय आटल्याने उत्तर इंग्लंडमधील कालव्यांचे मोठमोठे टप्पे होड्यांना बंद ठेवावे लागले. दोनशे वर्षांपूर्वीचे बांध आणि बदलते हवामान यांची गाठ स्वयंसेवकांच्या उत्साहाने सुटणारी नाही.

आणि अनुदान घटते तेव्हा पहिला बोजा कोणावर पडतो? ज्यांच्या होडीला कायमचा धक्का नाही, जे १९९५ च्या कायद्यानुसार साधारणपणे चौदा दिवसांहून अधिक काळ एका जागी न थांबता पुढे सरकत राहतात, अशा होडीवासीयांवर २०२४ पासून परवान्याचा अधिभार लावण्यात आला आहे. यांतले काही हौशी आहेत हे खरे; परंतु घरभाडे आवाक्याबाहेर गेले म्हणून होडीत राहावयास आलेल्यांची संख्या त्यांत लहान नाही. ट्रस्टची अडचण खोटी नाही आणि त्याचे अधिकारी दुष्ट नाहीत. पण काठाने फिरावयास येणारा, धावणारा, सायकल चालविणारा आणि कालव्याकडे तोंड करून बांधलेल्या इमारतींचे सदनिकांचे भाव वाढवून घेणारा बिल्डर, यांच्याकडून पैसे मागण्याची सोय नाही. होडीला मात्र क्रमांक असतो. ज्याचा लाभ सर्वांना मिळतो त्याची किंमत सर्वांनी, म्हणजे करांतून, भरावी हा न्याय सोडला की वसुली सोपी असते तेथेच केली जाते. एकोणिसाव्या शतकात दरांच्या स्पर्धेचा भार होडीतल्या कुटुंबाने वाहिला. एकविसाव्या शतकात अनुदानकपातीचा भारही त्याच्याच शेजारी येऊन ठेपला आहे.

या सगळ्यातून आपल्यासाठी काही बोध निघतो काय? आपल्याकडेही लॉक्सच्या वाटा होत्या. आंध्रच्या किनाऱ्यापासून तामिळनाडूतील मरक्काणमपर्यंत जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्यातून मीठ आणि जळाऊ लाकूड मद्रासला येत असे. त्याचा मद्रास शहरातील दुवा १८७७-७८ च्या दुष्काळात, भुकेल्या माणसांच्या हातांनी खोदला गेला. पुढे तो कालवा वादळांनी मोडला, गाळाने आणि सांडपाण्याने भरला, आणि चेन्नईत त्याच्या पात्रात उपनगरी रेल्वेचे खांब उभे राहिले. तेथल्या नावाड्यांपाशी कोणती पावती होती आणि ती त्यांनी कोणापुढे ठेवावयाची होती?

२०१६ च्या कायद्याने देशातील एकूण १११ जलमार्ग 'राष्ट्रीय' ठरले. त्यांत रायगडची आंबा नदी आहे, दाभोळची खाडी व वाशिष्ठी आहे, गोव्यातील मांडवी आणि जुवारी आहेत, आणि या दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवाही आहे. चर्चा मात्र होते ती मोठ्या धक्क्यांची, मालवाहू जहाजांची, आणि जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडकडे एक्कावन्न दिवसांच्या सफरीवर निघालेल्या 'गंगा विलास'सारख्या श्रीमंती जहाजांची. तर चालविणारा, खाडीत जाळे टाकणारा, पैलतीरावरच्या शाळेत मुले पोचविणारा होडीवाला या चर्चेत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यंत्र नसलेल्या होड्यांच्याही नोंदणीची तरतूद आहे. ती आवश्यक आहे. पण नोंदणी म्हणजे हक्क नव्हे, हा ब्रिटनच्या १९६८ चा धडा आहे.

म्हणून जलमार्गांच्या प्रश्नावर मागण्या स्पष्ट असाव्यात. राष्ट्रीय ठरलेल्या प्रत्येक पाण्यावरून छोट्या होडीने जाण्याचा आणि किनाऱ्याला लागण्याचा हक्क कायद्यात लिहिला जावा. गाळ उपसण्याचा आणि बांध राखण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, होडीवाल्याच्या परवान्यातून नव्हे. एखादी वाट तोट्यात आहे असे म्हणण्यापूर्वी ती बंद केल्याने पूर, पाणीपुरवठा, मासेमारी आणि माणसांचे येणेजाणे यांवर काय खर्च पडेल, याचा हिशेब लोकांपुढे ठेवला जावा.

आणि हे सारे होईपर्यंत खाडीकाठच्या कार्यकर्त्यांना एक साधे काम आजच करता येण्याजोगे आहे. आपल्या भागात कोणत्या तरीवरून रोज किती माणसे जातात, कोणत्या होड्या कोठून कोठे जातात, कोणत्या धक्क्यावर गाळ कधीपासून साचला आहे, याची तारीखवार नोंद ठेवावी. उद्या कोणी अधिकारी नकाशा पसरून म्हणेल की ही वाट वापरात नाही. त्या वेळी टेबलावर ठेवावयास आपल्यापाशी पावती असली पाहिजे.